सोळा गाळ्यांचं कुंपण

भिलाईत लोखंडाबद्दल सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथली पहिली झोतभट्टी सुरू केली, आणि तेव्हापासून या गावात जन्मलेल्या, नोकरीला आलेल्या किंवा नुसत्या लग्न होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला पोलाद कळतं. निदान त्याला तसं वाटतं. मंगल कार्यालयात नवरानवरीवर अक्षता पडत असताना मागच्या रांगेतले दोन निवृत्त फोरमन खुर्चीचा पाइप टिचकी मारून बघत असतात. ‘लोकल है,’ एक म्हणतो. ‘और पतला भी है,’ दुसरा म्हणतो, आणि मग दोघंही समाधानाने जिलबी खातात.

अशा गावात घराला कुंपण घालणं किती सोपं असायला हवं! दल्ली-राजहराच्या खाणीतून खनिज येतं, नंदिनीहून चुनखडी येते, कारखान्याच्या वायर रॉड मिलमधून बोटाएवढ्या जाडीची सळी वेटोळी होऊन बाहेर पडते. तीच सळी पुढे छोट्या कारखान्यांत साच्यांतून ओढत ओढत बारीक करतात, जस्ताच्या रसात बुडवतात आणि जाळी विणतात. खनिजापासून जाळीपर्यंतचा सगळा वंशवृक्ष शंभर किलोमीटरच्या आतला. पण ती जाळी जमिनीवर सरळ उभी करणारा माणूस कोणत्याच मिलमधून बाहेर पडत नाही. तो शोधावा लागतो.

आमच्या घराला लागून चाळीस बाय साठचा एक मोकळा तुकडा आहे. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, रिसालीत घर बांधतानाच तो घेऊन ठेवला होता. घराच्या बाजूला भिंत, बाकी तीन बाजू मोकळ्या. नानांनी तिथे वांगी, मुळा, लाल भाजी आणि छत्तीसगडी शेजारणीने दिलेल्या बियांची चेच भाजी लावली. भाजी फार छान आली, असं आम्हाला गायींच्या चेहऱ्यावरून कळलं.

छत्तीसगडच्या खेड्यांत यावर जुना इलाज आहे. पेरणीच्या तोंडावर गावाची बैठक बसते, गुरं मोकाट सोडायची नाहीत असं ठरतं, आणि राखणीची व्यवस्था होते. याला ‘रोका-छेका’ म्हणतात. 2020 मध्ये सरकारने याच नावाने मोहीमही काढली. त्याच वर्षी हरेलीच्या सणादिवशी दोन रुपये किलोने शेण विकत घेण्याची योजना सुरू झाली, तेव्हा आमच्या नानांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला होता, की आपल्या मुळ्यावर पोसलेल्या शेणात आपला वाटा किती निघतो. पण शहरातल्या गायी कोणत्याही बैठकीचा ठराव मानत नाहीत. जीई रोडच्या दुभाजकावर त्या रवंथ करत बसतात आणि भूक लागली की कॉलनीत फेरी मारतात.

फुकटातलं कुंपण हवं असेल तर इथे बेशरम आहे. नावातच सगळं आलं. फांदी तोडून चिखलात खोचली की जगते, पाणी मागत नाही, अॅडव्हान्स मागत नाही, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत कारण ती विषारी आहे. गुणवत्तेच्या निकषावर मला आजवर भेटलेल्या बहुतेक ठेकेदारांपेक्षा ही वनस्पती सरस आहे. पण ती कुंपण म्हणून लावावी आणि पुढल्या वर्षी तीच मळा म्हणून हाती यावी, असा तिचा स्वभाव. नाना म्हणाले, नको.

हिरव्या कुंपणाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या देशात इंग्रजांनी करून ठेवलेला आहे. मिठाचा कर चुकवून कोणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीच्या दिशेने, मध्य प्रांतातून, बाभूळ, करवंद, निवडुंग असल्या काटेरी झाडांची एक प्रचंड सीमा त्यांनी वाढवली होती. राखायला सुमारे 12,000 माणसं. वाळवी लागायची, वणवा लागायचा, जमीन नापीक निघाली की वाळल्या काट्यांचे ढीग रचावे लागायचे, आणि तरीही चोरटं मीठ पलीकडे जातच राहिलं. 1879 मध्ये सगळं मोडीत काढलं. या कुंपणाला खरा आकार दिला तो अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या अधिकाऱ्याने. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. कुंपणाच्या कामानंतर माणसाला राजकारण सोपं वाटत असावं.

तर आम्हाला हवी होती जाळी. आणि जाळी म्हटल्यावर नाना पेटले. वर्ध्याहून 1970 च्या सुमारास इथे आलेल्या नानांची पस्तीस वर्षं वायर रॉड मिलच्या तपासणीत गेली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला उरलं होतं ते फक्त सुनेने आणलेलं दूध. आता साक्षात तार घरात येणार होती. त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर निविदा लिहायला घेतली. कामाचा वाव, साहित्याचा तपशील, अटी व शर्ती. विलंब झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का दंड, दैवी आपत्तीचा अपवाद. मी म्हटलं, ‘नाना, एकशे साठ फूट कुंपण आहे.’ ते म्हणाले, ‘म्हणूनच छोटी निविदा लिहितोय.’

भिलाईचा हा पिंडच आहे. कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस न्हावीसुद्धा तीन कोटेशनं मागवून ठरवतो, आणि मग सर्वांत स्वस्ताकडे कान कापून घेतो. सर्वांत कमी भाव भरणारा, म्हणजे एल-वन, हा इथल्या लोकांचा कुलदैवतासारखा विषय. त्याच्यावर विश्वास असतोच असं नाही, पण त्याला डावलायची छाती नसते.

मग ‘अपना आदमी’ येऊ लागले. भिलाईला मिनी इंडिया म्हणतात ते खोटं नाही. आमच्या एका गल्लीत समोर मल्याळी अंकल, डावीकडे बंगाली दादा, कोपऱ्यावर आंध्रचं कुटुंब, आणि प्रत्येकाचा एकेक अपना आदमी. शिफारस करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघावं, असा माझा सल्ला आहे. ज्याचं काम चांगलं झालं तो नुसता नंबर देतो. ज्याचं बिघडलं तो आग्रह करतो, सोबत येतो, स्वतः फोन लावून देतो. आपण एकटेच फसलो नाही एवढं समाधान त्यालाही हवं असतं.

पहिला आला तो स्कूटीवरून उतरलाच नाही. एक पाय जमिनीवर, एक फूटबोर्डवर, हेल्मेट कोपरात. तुकड्याकडे एक नजर टाकली आणि फुटाचा भाव सांगितला. नानांनी विचारलं, ‘किस गेज में?’ तो म्हणाला, ‘जो बोलोगे बाबूजी.’ ‘खांबे कितने?’ ‘जितने लगेंगे.’ इतका लवचीक माणूस राजदूत व्हायला हवा होता. 

दुसरा फोटोवाला. त्याने मोबाइलवर त्याची कामं दाखवली. हिरवळ, पांढरी लाकडी कुंपणं, एका फोटोत सोनेरी केसांचं कुत्रं, आणि एकामागे तर चक्क बर्फाचे डोंगर. मे महिन्यात जिथे चपलेचं रबर रस्त्याला चिकटतं त्या भिलाईत त्याने हे काम कोणत्या सेक्टरमध्ये केलं, असं ह्यांनी विचारलं. तो जराही न गडबडता म्हणाला, ‘ये पार्टी अभी बाहर रहती है.’

तिसरा स्वस्त होता. इतका स्वस्त की नानांनी त्याला पाणी देताना ग्लास बदलून काचेचा दिला. सोळा खांब, दहा गेजची जाळी, आठवड्यात काम, अर्धे पैसे आधी. आणि शेवटचा, ज्याचं मी नंतर सविस्तर सांगणार आहे, तो गळ्यात गमछा टाकून सायकलवर आला. सायकलला पहार बांधलेली होती. त्याच्याबद्दल कोणी आग्रह केला नव्हता. एका नर्सरीवाल्याने नुसता नंबर दिला होता.

आता गेजचं सांगायला हवं, कारण कुंपणातली निम्मी लबाडी तिथेच राहते. तारेच्या गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक. हा उलटा हिशेब ज्याने शोधला त्याच्या कुळातले लोक पुढे ठेकेदारीत उतरले असावेत. आठ गेज म्हणजे साधारण 4 मिलिमीटर, दहा म्हणजे 3.25, बारा म्हणजे 2.64. दहा सांगून अकरा लावली तर फरक अवघा 0.3 मिलिमीटरचा. डोळ्याला दिसणार नाही, हाताला कळणार नाही. पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, त्यामुळे तेवढ्यात सुमारे अठरा टक्के पोलाद गायब होतं. दहाच्या जागी बारा लावली तर एक तृतीयांश. गाय खाते तेवढा मुळा खातच असते, इथे माणूस कुंपणच खाऊन जातो.

पण भिलाईत ही लबाडी चालत नाही. घरोघरी व्हर्नियर कॅलिपर असतो. आमच्याकडे तो देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असतो, निरांजनाच्या शेजारी. स्वस्त ठेकेदाराच्या नमुन्याला नानांनी तो लावला, चष्मा कपाळावर घेतला, एकदा वाचलं, तार फिरवून दुसऱ्यांदा वाचलं. ‘दो पॉइंट नौ पाँच,’ ते मृदू आवाजात म्हणाले. समोरच्याने विचारलं, ‘मतलब?’ ‘मतलब ग्यारह.’ तो म्हणाला, ‘बाबूजी, गरमी में थोड़ा सिकुड़ जाता है.’ उन्हाने धातू आकसतो हा शोध ऐकून मल्याळी अंकल, जे तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये होते, उठून घरी गेले.

जाडीनंतर जस्त. जाळी गंजते की टिकते ते जस्ताच्या लेपावर ठरतं. हलक्या लेपाच्या तारेवर चौरस मीटरला चाळीस-साठ ग्रॅम जस्त असतं, भारी लेपात दोनशेच्या वर. दुकानात दोन्ही सारख्याच चकाकतात. किंबहुना हलकी जरा जास्तच. फरक तीन पावसाळ्यांनी कळतो, तोवर ठेकेदाराचा नंबर बदललेला असतो. नानांकडे याला उपाय होता. त्यांनी शेतकी दुकानातून मोरचूद आणलं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत निळंभोर पाणी. त्यात तारेचा वीतभर तुकडा एक मिनिट बुडवायचा, काढून धुवायचा, पुसायचा, पुन्हा बुडवायचा. जस्त शाबूत असेल तोवर तार काळपट होत राहते. जस्त संपून पोलाद उघडं पडलं, की तिथे तांब्याचा लालसर चमकता थर बसतो. किती बुड्यांत लाली येते, त्यावर लेपाची परीक्षा. गॅसवर वरण उकळतंय, ह्यांच्या हातात स्टॉपवॉच लावलेला मोबाइल, आणि ठेकेदार ओट्यापाशी हात बांधून उभा. प्रत्येक ठेकेदाराला नानांनी हे दृश्य पाहायला बोलावलं होतं.

यातली मेख मला नंतर कळली. तार कापली की तिच्या टोकाला मुळात जस्त नसतंच, तिथे पोलाद उघडंच असतं. म्हणजे टोक पहिल्याच बुडीला लाल होणार. प्रयोगशाळेत ते मेणाने बंद करतात. नाना मुद्दाम करत नसत. तारेची परीक्षा मधल्या भागावर होती, टोकावर परीक्षा माणसाची होती.

फोटोवाल्याने लाल टोक पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘दूसरा सैंपल ला देता हूँ,’ म्हणाला. म्हणजे आपण काय विकतो ते त्याला ठाऊक नव्हतं. स्वस्तवाला म्हणाला, ‘ये तो अच्छा है ना, ताँबा चढ़ गया.’ स्कूटीवाला प्रयोगाला आलाच नाही, त्याने फोनवर सांगितलं की परीक्षेत जे लागेल ते लावून देऊ. गमछेवाल्याने मात्र बरणीकडे बघितलं, मग नानांकडे, आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, ‘टोंक त लाल होबेच करही बाबूजी, उहाँ जस्ता कहाँ हे? बीच ल देखव.’ टोक लाल होणारच, तिथे जस्त आहे कुठे, मधलं बघा. तरुणपणी तो हथखोजच्या एका कारखान्यात तार ओढायच्या मशीनवर होता. नानांनी गॅस बंद केला आणि मला म्हणाले, ‘चहा टाक.’ आधीच्यांना पाणीच मिळालं होतं.

चहा पिऊन तो तुकड्यावर गेला आणि त्याने पहिलं काम केलं ते प्रश्न विचारण्याचं. ‘सीमांकन होगे हे?’ म्हणजे पटवाऱ्याकडून हद्द मोजून घेतली आहे का. बाकीच्यांनी विचारला होता तो अॅडव्हान्स. खरं तर कुंपणाच्या कामात हा पहिला प्रश्न असायला हवा. खुणा रोवण्याआधी तहसिलीत अर्ज करून राजस्व निरीक्षक आणि पटवारी यांच्याकडून मोजणी, शेजाऱ्यांना सूचना, पंचनामा, हे सगळं झालेलं असलं तर पुढची पिढी भांडायला दुसरा विषय शोधते. नाहीतर इकडचा खांब वीतभर तिकडे जातो आणि दोन घरांत तीस वर्षांचा अबोला धरला जातो. सेक्टरांतल्या कंपनीच्या क्वार्टरांत तर याहून सरळ न्याय आहे. हद्दीबाहेर कुंपण सरकवलं की एक दिवस तोडू दस्ता येतो आणि ते जिथे असायला हवं होतं तिथे परत नेऊन ठेवतो. तुकडे करून. नानांकडे नकाशा होता, पंचनामा होता, दोन्हीच्या झेरॉक्स होत्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स होत्या.

मग त्याने पहारेने वीतभर खणलं, मातीचा गोळा काढला, नळाखाली धरला आणि बोटांत मळला. इथल्या शेतकऱ्याला माती चार नावांनी ओळखू येते: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भाटा म्हणजे मुरमाड, कन्हार म्हणजे काळी चिकट. आमची कन्हार निघाली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि फुगताना खांबाला हळूच खांद्याने ढकलते. वर्षा-दोन वर्षांत सरळ उभे खांब दारुड्यासारखे कलतात, तेव्हा लोक ठेकेदाराला शिव्या देतात. त्या बरोबरच असतात, पण कारण मातीत असतं. तो म्हणाला, खड्डा अडीच फूट जाईल, तळाशी रुंद करू, खाली मुरूम ठोकू, वरचं काँक्रीट जमिनीपेक्षा थोडं उंच आणि उताराचं ठेवू म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. बाकीच्यांनी दीड फूट सांगितलं होतं. स्वस्तवाल्याने खोली सांगितलीच नव्हती, ‘गाड़ देंगे’ एवढंच म्हणाला होता.

आणि मग खांबांचा हिशेब. साठ, चाळीस, साठ मिळून एकशे साठ फूट. दहा-दहा फुटांचे गाळे सोळा. आता सोळा गाळ्यांना खांब किती? स्वस्तवाल्याच्या कोटेशनात सोळा. फोटोवाल्याच्या कोटेशनातही सोळा. गाळे सोळा असले तर खांब सतरा लागतात, हे पाचवीतल्या मुलाला रांगेत उभं केलं तरी कळतं, पण ठेकेदार एक खांब नेहमी घरी विसरतात. शेवटचा गाळा मग एखाद्या झाडाला किंवा शेजाऱ्याच्या न्हाणीघराच्या पाइपाला बांधलेला सापडतो.

गमछेवाल्याने सांगितले तेवीस. नाना चमकले. इतके? त्याने काडीने मातीत रेघ ओढली. सतरा उभे. पण जाळी ताणली की ती कोपऱ्याच्या खांबाला दोन्हीकडून आत ओढते, टोकाच्या खांबाला एकीकडून. मधले खांब नुसते जाळी धरून उभे असतात, खरी ओढाताण कोपऱ्यांवर. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन तिरके टेके आणि प्रत्येक टोकाला एक. दोन कोपरे, दोन टोकं, सहा टेके. सतरा आणि सहा, तेवीस. नाना ती रेघ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्या निविदेतला ‘खांब: 17’ हा आकडा खोडून त्यावर सही केली आणि तारीख घातली.

भरवसा माणसाच्या बोलण्यावरून ठरवता येत नाही, आणि ताज्या कामावरून तर मुळीच नाही. कालचं कुंपण कोणाचंही सरळ असतं. नानांनी सर्वांना सांगितलं, तीन पावसाळे खाल्लेलं काम दाखवा. स्कूटीवाला म्हणाला, इतकं जुनं कशाला, नवीन डिझाइन बघा. स्वस्तवाल्याचं जुनं काम आम्ही पाहिलं. कुंपणापेक्षा त्यावर चढलेल्या भोपळ्याच्या वेलाचा आधार जास्त भक्कम होता. गमछेवाल्याने उतईच्या रस्त्याला एका बाडीवर नेलं. नाना कोपऱ्याच्या खांबाला ओळंबा लावत होते तेव्हा मी बाडीमालकाकडे बघत होते. ठेकेदाराचं नाव काढल्यावर घरमालकाचा चेहरा काय करतो, ही माझी परीक्षा. तो म्हणाला, ‘अरे, हे आलेत? थांबा, त्यांना पपई द्यायची आहे.’ तपासणीचा यापेक्षा पक्का दाखला माझ्या माहितीत नाही.

पण मग भाव. भावाच्या रांगेत गमछेवाला एल-थ्री. नानांना त्या रात्री झोप लागली नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी एल-वनला डावललेलं नव्हतं. सकाळी त्यांनी तोडगा सांगितला. निविदा दोन लिफाफ्यांची होती, असं त्यांनी जाहीर केलं. आधी तांत्रिक पात्रता, मग भाव. मोरचूद आणि खांब या दोन मुद्द्यांवर बाकीचे तांत्रिकदृष्ट्या अपात्र, सबब उरलेल्या एकातला सर्वांत स्वस्त तो एल-वन. यावर त्यांनी दीड पानी टिपणी लिहून फाइलला लावली. कोणी ऑडिट करणार होतं अशातला भाग नाही, पण बंगाली दादांनी ती मागून घेऊन वाचली आणि एका स्वल्पविरामावर हरकत नोंदवली.

पैशाचं ठरलं ते असं: जाळी, खांब, सिमेंट आम्ही आणायचं, मजुरी त्याची. ही विभागणी मला पटते. साहित्यावर ठेकेदार कमावतो तेव्हा तो गेजवर कमावतो. मजुरीवर कमावतो तेव्हा निदान घाम तरी खरा असतो. मजुरीतले दहा टक्के पावसाळा उलटल्यावर देऊ, ही नानांची अट ऐकून फोटोवाला हसला होता. गमछेवाल्याने विचारलं, ‘पानी के बाद मतलब दशहरा?’ नाना म्हणाले, दसरा. ‘ठीक हे, ओही बहाना आ जाहूँ, देख घलो लेहूँ.’ त्या निमित्ताने येईन, काम बघूनही घेईन. 

आता त्याच्या गैरहजेरीचंही सांगितलं पाहिजे, कारण विश्वासू ठेकेदार रोज येतो असा एक गैरसमज आहे. विश्वासू ठेकेदार कधी येणार नाही ते आधी सांगतो. इथले मजूर खेड्यांतले, आणि धानाचं वेळापत्रक निविदेपेक्षा जुनं आहे. पेरणीला जाणार, मग महिन्याभराने उभ्या पिकात नांगर फिरवायची बियासी, तेव्हा जाणार. हरेलीला नांगर-फावड्यांची पूजा असते, त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. हरेली म्हणजे आपली दिव्यांची अवस, त्यामुळे आमच्या घरी दिवे उजळत होते तेव्हा खड्डे विश्रांती घेत होते. पुढे पोळा, जो इथे पोरा होतो आणि त्याच दिवशी येतो. मग तीज, तेव्हा बायका माहेरी जातात आणि नवरे स्वयंपाक शिकतात. मग 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, जी भिलाईत न मानणारा ठेकेदार मी तरी ठेवणार नाही. हे सगळं त्याने नानांच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. नानांनी ते ‘दैवी आपत्ती’ या सदरात घातलं.

बाकी काम झालं तसं झालं. खड्डे, मुरूम, काँक्रीट, आठवडाभर त्यावर पाणी, मग तारेच्या तीन ओळी आणि जाळीचा ताण. मल्याळी अंकल रोज संध्याकाळी येऊन जाळी टिचकीने वाजवून जात. एकदा म्हणाले, ‘टोन अच्छा है.’ ते ऐकून गमछेवाल्याने खालची एक गाठ पुन्हा आवळली.

शेवटच्या दिवशी लेनच्या बाजूला दहा फुटांची फट उरली. खताची ट्रॉली आत यायला गेट हवं, म्हणून तिथे एक गाळा त्याने मोकळाच ठेवला होता. मी विचारलं, गेट कधी? तो म्हणाला, गेट वेल्डरचं काम, माझं नाही, मला जमत नाही. एवढं बोलून त्याने बोराटीच्या फांद्या तोडून आणल्या आणि फट बंद केली. त्या फांद्यांकडे गल्लीतली तांबडी गाय दुसऱ्या दिवशी सकाळपासून बघते आहे.

नानांनी नवी निविदा काढली आहे. काल बोलीपूर्व बैठक झाली. स्कूटीवाला वेल्डर म्हणून परत आला. बंगाली दादांनी प्रश्न उपस्थित केला की गेट आत उघडायचं की बाहेर. मल्याळी अंकल म्हणाले, स्लायडिंग. आंध्रच्या काकूंनी विचारलं, उसका वजन कितना, और पहिया कौन-सा. ह्यांनी व्हर्नियर आणला, कशाला ते कोणालाच कळलं नाही. नानांनी सर्व हरकती नोंदवून घेतल्या आणि मला म्हणाले, ‘मोरचूद उरलंय का गं?’